ऐकू येतं रे, कळत नाही

आमच्या आत्याला मी परवा विचारलं, चहात साखर घालू का? तर म्हणाली, "भाकर नको रे, आत्ताच जेवले." सगळे हसले. मग मी तेच ओरडून विचारलं तर चिडलीच, "एवढा कशाला बोंबलतोस, बहिरी आहे का मी?"

गंमत म्हणजे तिचं बरोबर होतं. आवाज तिला येतोच, फक्त शब्द सुटत नाहीत. आ, ए, ओ हे स्वर जाड आवाजाचे, त्यांचा जोर बराचसा १००० हर्ट्झच्या (म्हणजे सेकंदाला १००० कंपनांच्या) आतबाहेर असतो. पण स, श, च यांची सळसळ बारीक, म्हणजे उंच पट्टीची, स तर ४००० हर्ट्झच्या वर जातो. कानातल्या शंखासारख्या नळीत, म्हणजे कॉक्लियात, आवाज टिपणाऱ्या साधारण १५ हजार केसपेशी असतात, बारीक आवाज पकडणाऱ्या अगदी तोंडाशी आणि वय वाढलं की सहसा पहिल्यांदा जातात त्या ह्याच, आणि एकदा गेल्या की माणसात परत येत नाहीत. मग साखरमधला स गळतो, उरतं 'आखर', आणि रिकामी जागा मेंदू स्वतःच्या अंदाजाने भरून टाकतो. भाकर!

ओरडून फायदा का नाही? कारण ओरडताना जोर चढतो तो मुख्यतः स्वरांवर, जे तिला आधीच ऐकू येत होते. वर अशा कानांची एक खोड असते, हळू आवाज येतच नाही आणि थोडा वाढवला की एकदम अंगावर येतो.

तरुण कानांनीही फार टेंभा मिरवू नये. जुन्या लँडलाइनवरून साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढंच जायचं, म्हणून तर आपण "स, सखारामचा स" असं सांगत बसायचो.

आणि लग्नाच्या कार्यालयात तर सगळ्यांचीच बोंब. शंभर लोक बोलतायत, त्यातून समोरच्याचं एकट्याचं वेचायचं. कॉलिन चेरी या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १९५३ साली लोकांच्या दोन कानांत दोन वेगळी भाषणं सोडली आणि एकाकडेच लक्ष द्यायला सांगितलं, तर दुसऱ्या कानात मधेच इंग्रजीचं जर्मन झालं तरी लोकांना पत्ता नाही! हे वेचणं मेंदूला जड काम आहे, म्हणून कमी ऐकू येणारी माणसं समारंभातून दमून येतात किंवा नुसती मान हलवत बसतात (आणि आपण त्यांना घुमी म्हणतो).

मेंदू डोळ्यांचीही मदत घेतो. १९७६ मध्ये मॅगर्क आणि मॅकडोनल्ड या संशोधकांनी दाखवलं की आवाज 'बा'चा आणि ओठ 'गा'चे असले तर पुष्कळांना चक्क 'दा' ऐकू येतो. त्यामुळे स्वयंपाकघरातून पाठमोरं बोलण्यापेक्षा समोर येऊन, जरा सावकाश बोललेलं बरं.

संध्याकाळी मी समोर बसून परत विचारलं. आत्या म्हणाली, "थांब, चष्मा लावते. हं, आता बोल."