पक्षाघातानंतरची कोलेस्टेरॉलची गोळी : रिपोर्ट नॉर्मल आला तरी बंद का करायची नाही

पक्षाघाताचा झटका येऊन गेलेल्या रुग्णाची औषधं न्यायला आमच्या औषधांच्या दुकानात घरचं कोणी आलं, की चिठ्ठीवरच्या पाच-सहा नावांपैकी एकावर हमखास बोट ठेवलं जातं. "ही या महिन्यात नको, कोलेस्टेरॉल नॉर्मल आलंय." ते नाव बहुतेक वेळा अ‍ॅटोर्व्हास्टॅटिन किंवा रोझुव्हास्टॅटिनचं असतं. ही दोन्ही स्टॅटिन गटातली, कोलेस्टेरॉल उतरवणारी औषधं. रक्त पातळ ठेवायच्या गोळीबद्दल असं सहसा कोणी म्हणत नाही, कारण ती कशासाठी आहे हे सगळ्यांना पटलेलं असतं. काउंटरवर मागे चार जण उभे असताना ही गोष्ट नीट समजावता येत नाही, म्हणून हे पत्रक. रुग्णाला रोजच्या गोळ्या जो काढून देतो त्याच्या हाती ते पोहोचवा.

रिपोर्टवरचं 'नॉर्मल'

लॅबच्या कागदावर एलडीएलच्या, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉलच्या, आकड्यापुढे एक मर्यादा छापलेली असते, कुठे १००, कुठे १३०. आकडा तिच्या आत बसला की तो ठळक छापलेला नसतो, बाजूला बाणही नसतो आणि घरात सगळ्यांना हायसं वाटतं. पण ही मर्यादा सर्वसाधारण माणसासाठी असते. रुग्णाला झटका येऊन गेलाय हे त्या कागदाला ठाऊक नसतं. रक्तवाहिनीत चरबीचा थर साचून, त्यावर गुठळी होऊन ज्याला पक्षाघात झाला, त्याचं एलडीएल डॉक्टर साधारणपणे ७० च्या खाली ठेवायला बघतात. म्हणजे कागदावर ९५ आलं तर ते छापील मर्यादेत बसतं, पण या रुग्णासाठी जास्तच आहे.

हा ७० चा आकडा हवेतून आलेला नाही. फ्रान्स आणि दक्षिण कोरियात अशा २,८६० रुग्णांचा एक मोठा अभ्यास झाला. अर्ध्यांचं एलडीएल ७० च्या खाली ठेवलं, अर्ध्यांचं ९० ते ११० मध्ये. साधारण साडेतीन वर्षांत पहिल्या गटात ८.५ टक्के रुग्णांना पुन्हा पक्षाघात, हृदयविकार किंवा तशीच गंभीर घटना घडली, दुसऱ्या गटात १०.९ टक्के रुग्णांना.

आता दुसरा प्रश्न, जो आम्हाला सगळ्यात जास्त ऐकावा लागतो : "पण आमचं ६४ आलंय, ७० च्याही खाली. आता तरी बंद करू ना?" ते ६४ गोळी चालू असताना आलेलं आहे. स्टॅटिन यकृतातली कोलेस्टेरॉल तयार करण्याची क्रिया मंदावतं, मग यकृत आपली गरज भागवायला रक्तातलं एलडीएल ओढून घेतं आणि रक्तातला आकडा उतरतो. गोळी थांबली की यकृत पूर्ववत कामाला लागतं आणि काही आठवड्यांत आकडा जुन्या जागी जातो. यात दुखत नाही, चक्कर येत नाही, काहीच कळत नाही. "बंद करून दोन महिने झाले, काही त्रास नाही" असं लोक समाधानाने सांगतात, तेव्हा आम्हाला खरंच काळजी वाटते.

काही रुग्णांचं कोलेस्टेरॉल झटका आला तेव्हाही फारसं वाढलेलं नव्हतं. मग गोळी कशाला, हा प्रश्न रास्त आहे. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या स्पार्कल या अभ्यासात पक्षाघात किंवा तात्पुरता झटका येऊन गेलेले आणि हृदयविकार नसलेले ४,७३१ रुग्ण होते. त्यांचं एलडीएल सरासरी १३३ होतं, म्हणजे कागदावर फार भयंकर दिसणारं नव्हे. रोज ८० मिलिग्रॅम अ‍ॅटोर्व्हास्टॅटिन घेणाऱ्यांत पाच वर्षांत ११.२ टक्के लोकांना पुन्हा पक्षाघात झाला, औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांत १३.१ टक्के लोकांना. फरक लहान वाटेल. पण दुसरा झटका पहिल्याने जे शाबूत ठेवलं तेही घेऊन जाऊ शकतो, म्हणून डॉक्टर हा फरक सोडायला तयार नसतात. शिवाय स्टॅटिनने आकडा उतरतोच, आणि रक्तवाहिनीतल्या थरावरचं आवरणही टिकाऊ होतं, थर फुटून गुठळी होण्याची शक्यता कमी होते. हे काम रिपोर्टमध्ये दिसत नाही.

खंड पडल्याने होणारा घोटाळा

आमचा आणि तुमचा सगळ्यात जास्त वेळ खाणारा प्रकार इथे आहे. गोळी मध्येच बंद होते. तीन महिन्यांनी रक्त तपासलं जातं, एलडीएल १२८ येतं. डॉक्टरांना वाटतं डोस अपुरा पडतोय, ते ४० ची ८० करतात किंवा एझेटिमाइब हे कोलेस्टेरॉलचं आणखी एक औषध जोडून देतात. रुग्ण मुळात गोळी घेतच नव्हता, हे त्या खोलीत कोणी बोललेलं नसतं. स्टॅटिनचा डोस दुप्पट केल्याने एलडीएल साधारण ६ टक्केच आणखी उतरतं, त्यामुळे नुसत्या खंडासाठी डोस वाढवणं म्हणजे फायदा थोडा आणि त्रासाची शक्यता मात्र जास्त.

म्हणून वाढलेल्या डोसची चिठ्ठी आली की आम्ही विचारतो : मधले महिने गोळी चालू होती का? काही जणांना हे आवडत नाही, औषध द्यायचं सोडून चौकशा कशाला, असं वाटतं. आमच्याकडे तुमच्या मागच्या खरेदीची नोंद असते, त्यात खंड दिसला तर आम्ही विचारणारच, आणि तुमची हरकत नसेल तर डॉक्टरांना फोनही करणार. त्यात दहा मिनिटं जातात. ती वाचवायची असतील तर डॉक्टरांना आधीच खरं सांगा : "मी दीड महिना घेतली नाही." डॉक्टर रागावले तरी चिठ्ठी बरोबर लिहितील.

तपासणीचंही एक गणित आहे. गोळी सुरू केल्यावर किंवा डोस बदलल्यावर ४ ते १२ आठवड्यांनी, आणि पुढे डॉक्टर सांगतील तशी ३ ते १२ महिन्यांनी. तपासणीच्या दिवसापर्यंत गोळी चालूच ठेवायची. "खरं कोलेस्टेरॉल किती ते बघू" म्हणून आठवडाभर आधी बंद केली, तर त्या रिपोर्टचा कोणालाच उपयोग नाही.

बदलून का देत नाही

अ‍ॅटोर्व्हास्टॅटिन ४० च्या जागी रोझुव्हास्टॅटिन ४० देता येत नाही. रोझुव्हास्टॅटिन मिलिग्रॅममागे जास्त तीव्र आहे. औषध तेच, मिलिग्रॅम तेच आणि कंपनी वेगळी असेल, तर तुम्हाला सांगून देतो. घटक बदलत असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही, मग तुम्ही दुसरीकडून घेतलं तरी चालेल.

दुसरी पाहायची गोष्ट म्हणजे एकत्र कॅप्सूल. रक्त पातळ ठेवायचं औषध आणि स्टॅटिन एकाच कॅप्सूलमध्ये मिळतं. दवाखान्यातून घरी येताना ती कॅप्सूल लिहून दिलेली असते आणि घरी जुनी स्टॅटिनची वेगळी गोळीही शिल्लक असते. दोन्ही चालू राहतात, कारण पाकिटांवरची नावं एकमेकांशी जुळत नाहीत. नवी चिठ्ठी आणताना घरातली सगळी पाकिटं पिशवीत घालून आणा, आम्ही मागची बारीक अक्षरं वाचून वेगळी करून देतो. याचे पैसे घेत नाही.

त्रास झाला तर

स्नायू दुखणं ही नेहमीची तक्रार. ती खोटी नसते, पण प्रत्येक वेळी गोळीमुळे असते असंही नाही. त्रासामुळे स्टॅटिन सोडलेल्या ६० जणांना आळीपाळीने महिनाभर स्टॅटिन, महिनाभर बिनऔषधाची गोळी, महिनाभर काहीच नाही असं वर्षभर ठेवून एक अभ्यास झाला. स्टॅटिनच्या महिन्यात जेवढा त्रास जाणवला, त्याच्या ९० टक्के बिनऔषधाच्या गोळीनेही जाणवला. निम्म्या लोकांनी नंतर पुन्हा स्टॅटिन सुरू केलं. पक्षाघाताच्या रुग्णाचा खांदा आणि लुळी बाजू तशीही दुखते, हेही लक्षात ठेवा.

मात्र दोन्ही मांड्या किंवा दोन्ही दंड खूप दुखतायत, उठताना शक्ती नाही, लघवी गडद चहासारखी होतेय, किंवा डोळे पिवळे दिसतायत, असं असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. इतर औषधांशीही जपायला हवं : क्लॅरिथ्रोमायसिन, एरिथ्रोमायसिन ही प्रतिजैविकं आणि इट्राकोनॅझोल हे बुरशीवरचं औषध काही स्टॅटिनचं रक्तातलं प्रमाण वाढवतात. सर्दी-खोकल्यासाठी किंवा त्वचेसाठी दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलात तर ही गोळी चालू आहे हे सांगाच.

अ‍ॅटोर्व्हास्टॅटिन आणि रोझुव्हास्टॅटिन दिवसात कधीही चालतात, फक्त वेळ एकच ठेवा. सिम्व्हास्टॅटिन रात्री. अ‍ॅसिडिटीचं पातळ औषध रोझुव्हास्टॅटिननंतर दोन तासांनी. एक दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दोन गोळ्या घ्यायच्या नाहीत.

ज्यांना गिळायला त्रास होतो त्यांच्या घरच्यांनी एक करावं : गोळी दिल्यावर तोंड उघडायला सांगून लुळ्या बाजूच्या गालात बघावं. गोळी तिथे अडकून राहते आणि रुग्णाला कळतही नाही. कॅप्सूल फोडून द्यायच्या आधी आम्हाला विचारा, सगळ्या फोडता येत नाहीत.

मेंदूत रक्तस्राव झाला असेल तर

वरचं सगळं गुठळीमुळे झालेल्या पक्षाघाताबद्दल आहे. रक्तस्रावाच्या रुग्णाचा विचार वेगळा. स्पार्कलमध्ये स्टॅटिन घेणाऱ्यांत मेंदूतला रक्तस्राव ५५ जणांना झाला, न घेणाऱ्यांत ३३ जणांना. म्हणून अशा रुग्णाला स्टॅटिन द्यायचं की नाही हे मेंदूविकारतज्ज्ञच ठरवतात, आणि कोणत्याही रुग्णात बीपी ताब्यात असणं महत्त्वाचं. शेजारच्यांच्या चिठ्ठीवरून किंवा या पत्रकावरून काहीही सुरू किंवा बंद करू नका.

पुढच्या वेळी येताना

ताजी चिठ्ठी, शेवटचा लिपिड (कोलेस्टेरॉलचा) रिपोर्ट आणि चालू पाकिटं आणा. झटका गुठळीचा होता की रक्तस्रावाचा, हे डिस्चार्ज कार्डावर लिहिलेलं असतं, त्याचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा. ज्यांची औषधं दरमहा लागतात त्यांची नावं आम्ही नोंदवून घेतो आणि गोळ्या संपायच्या आठवडाभर आधी फोन करतो. आठवड्याच्या खणांची डबीही मिळते, पहिल्यांदा आम्हीच भरून देतो आणि घरच्यांना दाखवतो. गोळी बंद करावीशी वाटली तर बंद करण्याआधी त्या फोनवरच सांगा.