ग्रहणाची वेळ अन् स्पेस स्टेशनची वेळ, दोन्ही एका मापात मोजू नका

उन्हाळ्यात माळवदावर अंथरूण टाकलं की कुणीतरी मोबाइल पुढं करतंच, आज ७ वाजून ४० मिनिटांनी पृथ्वीभोवती फिरणारं स्पेस स्टेशन दिसणारंय म्हणून, अन् बघावं तर मेसेज तीन आठवडे जुना. मग काही दिसलं नाही की सुरू, पंचांगात ग्रहण वर्षभर आधी मिनिटासगट छापतेत, मग ह्यांना महिनाभराचं सांगायला काय होतं?

ग्रहणाचं तुम्हाला माहितंय. चंद्र सरासरी ३ लाख ८४ हजार किलोमीटरवर, तिथं अडवायला हवाच नाही, त्यामुळं २ ऑगस्ट २०२७ ला इजिप्तमधी खग्रास सूर्यग्रहण हे आधीपासूनच पक्कं.

स्टेशन मात्र साधारण ४०० किलोमीटरवर. तिथं हवा लई विरळ, पण आहे, अन् हे सेकंदाला साडेसात किलोमीटरच्या वर पळतंय, म्हणून घासत घासत महिन्याला दोनेक किलोमीटर खाली येतं. सूर्य खवळला की वरची हवा तापून फुगती, घासणं वाढतं, अन् सूर्य कधी किती खवळणार ते नेमकं आधी सांगता येत नाही. अमेरिकेचं जुनं स्पेस स्टेशन स्कायलॅब ह्याच्यामुळंच अंदाजापेक्षा लवकर, ११ जुलै १९७९ ला पडलं.

आता खरी गडबड. हवा अडवती म्हणजे स्टेशन उशिरा येणार, असं शिकलेली माणसंबी ठासून सांगतेत, मला ते ऐकवत नाही. उलटं आहे, ते लवकर येतं! खळ्यात मेढीजवळच्या बैलाचा फेरा लहान असतो ना, तसा खाली उतरलं की ह्याचा फेरा लहान होतो, अन् वरून उतरता उतरता वेगबी वाढतो. स्टेशन अंदाज काढताना धरलेल्या उंचीपेक्षा एकच किलोमीटर खाली असलं तर एका फेऱ्याला साधारण सव्वा सेकंद वाचतो, दिवसाला साडेपंधरा फेरे म्हणजे १९ सेकंद, दहा दिवसांत तीन मिनिटांच्या वर, अन् अख्खं दर्शनच चार-सहा मिनिटांचं. उशिरा येतं ते इंजिन चालवून वर ढकलल्यावर, कारण मग फेरा मोठा होतो.

दिसतंय ते विमान का स्टेशन, हे ओळखणं सोपंय, लुकलुकलं की विमान, स्टेशन लुकलुकत नाही. वेळ त्याच दिवशीची बघा, अन् पाच मिनिटं आधी माळवदावर जा, नंतर नाही.