विकलेले गाळे आणि भाड्याचे गाळे

खाली दुकानं, मधे ऑफिसं, वर फ्लॅट. बाहेरून दोन्ही कॉम्प्लेक्स सारखीच दिसतात आणि जाहिरातीत दोन्हींना 'मिक्स्ड-यूज' म्हणतात. दुकान टाकणाऱ्याने मात्र आधी एक चौकशी करावी. बिल्डरने इथले गाळे सुटे सुटे विकलेत, की सगळे स्वतःकडे ठेवून भाड्याने दिलेत?

विकलेल्या कॉम्प्लेक्समध्ये पन्नास गाळ्यांचे पन्नास मालक. ज्याचं भाडं जास्त, त्याला गाळा. मग तीन मोबाइलवाले शेजारी शेजारी येतात आणि मोक्याच्या कोपऱ्याला कुलूप असतं, कारण त्या मालकाला भाव वाढेपर्यंत थांबायचंय. बंद शटरांची रांग दिसली की गिऱ्हाईक आत वळतच नाही. पुढे तुमचं दुकान कितीही चांगलं असो. सरकता जिना बिघडला तर तळमजल्याचे म्हणतात, आम्हाला काय त्याचं? गुरुग्रामच्या एमजी रोडवरचे काही मॉल असे गाळ्यागाळ्यांनी विकले गेले आणि पुढे ओस पडले, त्यामागचं एक मोठं कारण हेच.

याउलट लोअर परळचं फिनिक्स. १९०५ मध्ये स्थापन झालेल्या गिरणीच्या जागेवर आज मॉल, ऑफिसं आणि पंचतारांकित हॉटेल आहे. कुठला ब्रँड कुठे बसवायचा, हे तिथे एकच मालक ठरवतो. अशा जागांचं भाडं बऱ्याचदा दुहेरी असतं. समजा, किमान भाडं १ लाख किंवा विक्रीच्या ८ टक्के, यातलं जे जास्त ते. विक्री २० लाखांची झाली तर मालकाला १ लाख ६० हजार मिळतात. म्हणजे तुमचा गल्ला भरण्यात त्यालाही रस. मोठं सुपरमार्केट एका टोकाला आणि सिनेमा सगळ्यात वर ठेवतात तो याचसाठी: माणसाने तिथे पोचेपर्यंत चार दुकानांवरून जावं.

वर राहणाऱ्यांचा आणि काम करणाऱ्यांचा हिशेबही दोन्हीकडे लागतो. ऑफिसवाले दुपारी जेवायला उतरतात आणि रविवारी गायब होतात. घरवाले संध्याकाळी आणि सुट्टीला येतात. दोन्ही असतील तर दुकानाला मेलेली वेळ कमी. फक्त ऑफिसं असतील तर पोळी-भाजीवाल्याची चांदी, साडीवाल्याचे वांधे.

भाड्याचं ते सगळं चांगलं असं मात्र नाही. मेंटेनन्स जड, सजावट त्यांच्या नियमाने, विक्रीचा आकडा दरमहा कळवायचा, आणि करार संपला की जागा नव्या ब्रँडला जाऊ शकते. केमिस्ट, वाणी, सलूनवाला, क्लासवाला यांना लांबून गिऱ्हाईक नकोच आहे. वरची दोनशे घरं पुरतात. त्यांना मी स्वतःच्या मालकीचा गाळाच सुचवेन. फक्त सोसायटीत फ्लॅटवाल्यांची संख्या जास्त असते, तेव्हा बोर्ड केवढा लावायचा आणि मालाचा टेम्पो कुठे उभा करायचा, हे खरेदीआधीच लेखी घ्यावं. आणि भाव सुपर बिल्ट-अपवर (जिना, लॉबीचा वाटा धरून) सांगितला तर कार्पेटवर, म्हणजे भिंतींच्या आतल्या वापराच्या जागेवर, मोजून बघावा.

जागा बघायला जाल तेव्हा बिल्डर शनिवारी संध्याकाळी बोलावेल. त्याला न सांगता मंगळवारी दुपारी तीन वाजता जा, अर्धा तास बाहेर उभे राहा आणि माणसं मोजू नका, बाहेर पडणाऱ्यांच्या हातातल्या पिशव्या मोजा.