बॅक्टेरियल व्हजायनोसिस आणि प्रोबायोटिक

योनिमार्गात एरवी नांदणारे लॅक्टोबॅसिलस जिवाणू कमी होऊन गार्डनेरेला व्हजायनॅलिससारख्या इतर जिवाणूंची गर्दी होते, तेव्हा त्या स्थितीला बॅक्टेरियल व्हजायनोसिस, थोडक्यात बीव्ही म्हणतात. नाशिककडच्या बायका डॉक्टरांना ‘अंगावरून पांढरं जातं’ एवढंच सांगतात, तेही बहुतेक वेळा उठता उठता. पांढरे गेल्याने हाडे झिजतात हा समज अजून घट्ट आहे. तो खोटा आहे. वास नसलेला थोडा स्राव प्रत्येक निरोगी स्त्रीला असतो. बीव्हीमध्ये तो पातळ, राखाडी-पांढरा होतो आणि मासळीसारखा वास येतो. शरीरसंबंधानंतर हा वास वाढतो. दह्याच्या चोथ्यासारखा स्राव आणि जीव नकोसा करणारी खाज असेल, तर ती बहुधा बुरशी असते आणि तिचे औषध वेगळे. बीव्ही झालेल्या सुमारे निम्म्या स्त्रियांना काहीच जाणवत नाही.

योनीतले लॅक्टोबॅसिलस जिवाणू अल्बर्ट ड्योडरलाइन या जर्मन स्त्रीरोगतज्ज्ञाने 1892 साली वर्णिले. ते लॅक्टिक आम्ल तयार करतात आणि त्यामुळे योनिमार्गाचा सामू (पीएच; तो जितका कमी, तितका आंबटपणा जास्त) साधारण 4.5 च्या खाली राहतो. विरजण बिघडले की दह्याला तार सुटते, तसेच इथे होते: आंबटपणा गेला की नको ते जिवाणू माजतात. म्हणून बीव्ही म्हणजे अस्वच्छता नव्हे, हे ठासून सांगायला हवे. उलट वास येतो म्हणून साबणाने, तुरटीच्या किंवा जंतुनाशकाच्या पाण्याने आतून धुतले, तर उरलेसुरले लॅक्टोबॅसिलसही जातात. निफाड-दिंडोरीच्या द्राक्षमळ्यांत घडांची विरळणी करायला सुरगाणा-पेठहून येणाऱ्या मजूर बायकांना दिवसभर आडोसा मिळत नाही. अशा बाईला ‘स्वच्छता ठेव’ एवढेच बजावून परत पाठवणे हा तिच्यावर अन्याय आहे.

निदान सोपे आहे. संशोधक आम्सेल यांच्या 1983 च्या निकषांनुसार चारपैकी तीन खुणा पुरतात: पातळ एकसारखा स्राव, 4.5 पेक्षा जास्त सामू, पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकताच येणारा उग्र वास आणि सूक्ष्मदर्शकाखाली दिसणाऱ्या ‘क्लू’ पेशी. या पेशींवर जिवाणू इतके दाट चिकटलेले असतात की बारीक रवा भुरभुरल्यासारखे दिसते आणि पेशीची कड पुसट होते. सूक्ष्मदर्शक नसेल तिथे लक्षणांवरून औषध देतात. लैंगिक आणि जननमार्गाच्या संसर्गांवर उपचार करणाऱ्या सरकारी ‘सुरक्षा क्लिनिक’मधले हिरवे किट त्याच पद्धतीचे. त्यात जिवाणूंवरचे सेक्निडॅझोल आणि बुरशीवरचे फ्लुकोनॅझोल एकत्र असते. नेहमीचा उपचार म्हणजे सात दिवस मेट्रोनिडॅझोल हे प्रतिजैविक, किंवा क्लिंडामायसिनचे मलम. गरोदरपणी बीव्ही असेल तर अपुऱ्या दिवसांच्या प्रसूतीचा धोका वाढतो. बीव्हीमुळे एचआयव्हीची लागण होण्याची शक्यताही वाढते.

खरी डोकेदुखी वेगळीच आहे. निम्म्याहून अधिक स्त्रियांना वर्षभरात बीव्ही पुन्हा होतो. प्रोबायोटिकची आशा इथूनच सुरू होते. पुरेशा प्रमाणात दिल्यास आरोग्याला फायदा करणारे जिवंत सूक्ष्मजीव, अशी त्यांची व्याख्या जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटनेच्या तज्ज्ञांनी 2001 मध्ये केली. व्याख्येतला ‘जिवंत’ हा शब्द महत्त्वाचा, आणि तितकेच महत्त्वाचे म्हणजे कोणता वाण. दह्यातले जिवाणू योनीत वस्ती करणारे नव्हेत. दही खावे, पण त्याने बीव्ही बरा होत नाही आणि ते आत लावूही नये. दुकानातल्या पोटातून घ्यायच्या कॅप्सूलबाबतचा पुरावाही कच्चा आहे. 2020 साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील एका चाचणीत मात्र मेट्रोनिडॅझोलनंतर लॅक्टोबॅसिलस क्रिस्पेटसचा एक वाण थेट योनीत दिला गेला. बारा आठवड्यांत बीव्ही परतण्याचे प्रमाण त्या गटात 30 टक्के, तर जिवाणू नसलेली नुसती भुकटी मिळालेल्या गटात 45 टक्के होते. हा फायदा खरा आहे, पण तो त्या वाणाचा आहे. दुसऱ्या कुठल्या पाकिटावर ‘प्रोबायोटिक’ छापल्याने त्यात तो येत नाही.

2025 मध्ये ऑस्ट्रेलियातून आणखी एक निष्कर्ष आला. स्त्रीबरोबर तिच्या जोडीदारालाही उपचार दिल्यावर बारा आठवड्यांत 35 टक्के स्त्रियांना बीव्ही परतला; फक्त स्त्रीवर उपचार केलेल्या गटात हे प्रमाण 63 टक्के होते. आपल्याकडे नवरा बहुधा दवाखान्याबाहेर गाडीजवळ थांबलेला असतो. या चाचणीत पुरुषांना सात दिवस मेट्रोनिडॅझोलच्या गोळ्या आणि लिंगावर लावायला क्लिंडामायसिनचे मलम दिले होते.