कोणता फ्लॅश हवा, तेवढं सांगा

(जुनी-नवी कॉमिक्स विकत आणि वाचायला नेणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी)

वाढदिवसाला म्हणून नेलेलं स्पायडरमॅनचं पुस्तक दुसऱ्या दिवशी परत येतं. "पोरगा म्हणतो, हा तो नाही." पोरगा बरोबर असतो आणि आम्ही दिलेलं पुस्तकही. 1962 सालचा पीटर पार्कर स्पायडरमॅन, तसा 2011 मध्ये आलेला माइल्स मोरालेसही स्पायडरमॅनच. काळ्या पोशाखावर लाल जाळं दिसलं, तर तो बहुधा माइल्स.

सगळ्यांत जास्त घोळ विजेच्या वेगाने पळणाऱ्या फ्लॅशचा. 1940 सालचा जे गॅरिक डोक्यावर पंख लावलेलं शिरस्त्राण घालतो, त्यामुळे लांबूनही ओळखू येतो. 1956 मध्ये बॅरी ॲलन आला, नखशिखान्त लाल. गंमत अशी, की बॅरी लहानपणी जे गॅरिकची कॉमिक्स वाचायचा आणि नाव त्याने तिथूनच उचललं. 1961 च्या अंकात दोघे समोरासमोर आले, तेव्हा कळलं की दोघांच्या पृथ्व्याच वेगळ्या. 1985 मध्ये बॅरी मेला आणि त्याच्या बायकोचा भाचा वॉली वेस्ट फ्लॅश झाला. 2008 मध्ये बॅरी परतला. त्यामुळे त्यानंतरचे अंक घेताना मुखपृष्ठावर भरवसा ठेवू नका, दोन पानं उघडून बघा. आणि हो, जुन्या इंद्रजाल कॉमिक्समधला फ्लॅश गॉर्डन यांच्यातला कुणीच नव्हे. त्याचा पळण्याशी काही संबंध नाही.

बॅटमॅनचा साथीदार रॉबिन, तेही अनेक झाले. पहिला डिक ग्रेसन मोठा होऊन नाइटविंग या नावाने वेगळा नायक झाला. दुसरा जेसन टॉड वाचकांना आवडेना, म्हणून 1988 मध्ये प्रकाशकांनी त्याला जगवायचं की मारायचं, यावर चक्क फोनवरून मतं मागवली. मारा म्हणणारे 5343, जगवा म्हणणारे 5271. गेला बिचारा 72 मतांनी! (पुढे तोही परतला. या धंद्यात मेलेल्यावर फार काळ रडू नये.)

आमच्या मते मात्र यात सगळ्यांचा बाप वेताळ, म्हणजे ली फॉकचा फँटम. वर्तमानपत्रात तो 1936 पासून, म्हणजे या सगळ्यांच्या आधी आला. बाकीच्यांकडे माणूस बदलला की वाचकांत बोभाटा होतो. इथे बदल लपवणं हीच सगळी युक्ती. 1536 मध्ये समुद्री चाच्यांनी पहिल्या वेताळाच्या बापाला मारलं, मुलाने मारेकऱ्याच्या कवटीवर हात ठेवून शपथ घेतली, आणि तेव्हापासून बापानंतर मुलगा तोच मुखवटा, तीच कवटीची अंगठी घालतो. जंगलातल्या लोकांना वाटतं, हा चारशे वर्षं जिवंत आहे. आपण वाचतो तो बहुतेक वेळा एकविसावा. जुनी गलबतं आणि तलवारी दिसल्या, तर ती वेताळाच्या कवटी-गुहेतल्या बखरींतून सांगितलेली कुणा पूर्वजाची गोष्ट समजा. सतरावा जखमी झाला, तेव्हा त्याच्या बहिणीनेही हा पोशाख चढवला होता.

रंगावरून मात्र फसू नका. आपल्याकडे जांभळा, स्वीडनमध्ये निळा, इटलीत लाल, पण माणूस तोच. तसंच इंग्रजी अंकातलं बंगाला आणि इंद्रजालमधलं डेंकाली हा एकच देश. अंक चुकीचा छापलाय म्हणून तो परत आणू नका.

दुसरा स्पायडरमॅन, फ्लॅश किंवा रॉबिन निघाला, तर आठ दिवसांत बदलून देऊ. अट एकच, पुस्तकावर नाव घातलेलं नको.

इंद्रजालचे (1964 ते 1990) मराठी अंक माळ्यावर पडले असतील तर घेऊन या. मुखपृष्ठ फाटलेलं चालेल, मधली पानं गहाळ नकोत. रद्दीवाल्यापेक्षा भाव नक्कीच बरा देऊ.