अल्पकालीन मानसोपचार कोणाला उपयोगी पडतो?

बडोद्यातील आमच्या सल्लाकेंद्रात प्रथमच येणारे बहुतेक जण "एकूण किती बैठका लागतील?" असे विचारतात. शुल्क दर बैठकीला द्यायचे असल्याने हा प्रश्न रास्तच आहे. मात्र आपला त्रास अल्पकालीन उपचाराला जुळणारा आहे किंवा नाही हे आधी पाहावे लागते, आणि पहिल्या दोन बैठका आम्ही त्यासाठीच राखून ठेवतो.

अशा उपचारात साधारणपणे आठवड्याला एक याप्रमाणे १२ ते २० बैठका होतात आणि शेवट केव्हा करायचा याची कल्पना सुरुवातीलाच दिलेली असते. तो दीर्घ उपचाराचा स्वस्त अवतार नव्हे. बोस्टनचे पीटर सिफ्निऑस आणि लंडनच्या टॅव्हिस्टॉक क्लिनिकमधील डेव्हिड मॅलन या मानसोपचारतज्ज्ञांनी निवडीचे जे निकष मांडले, त्यांचा आम्ही आधार घेतो.

पहिला निकष असा की, त्रासाच्या मुळाशी असलेल्या एका गोष्टीवर बोट ठेवता आले पाहिजे. वडिलांच्या पश्चात दांडिया बाजारातील घराच्या वाटणीवरून सख्ख्या भावाशी अबोला झाला आणि तेव्हापासून झोप उडाली, असे सांगणाऱ्या व्यक्तीबरोबर काम कोठून सुरू करायचे ते कळते. "सगळेच बिघडले आहे" असे म्हणणाऱ्यांना आम्ही लगेच नकार देत नाही, कारण पुष्कळदा नेमका मुद्दा बोलता बोलताच हाती लागतो.

लहानपणी आजी, मामा, शिक्षिका अशा निदान एका व्यक्तीशी जिव्हाळ्याचे, देवाणघेवाणीचे नाते होते का, हेही आम्ही विचारतो. थोड्या अवधीत विश्वास टाकणे आणि ठरल्या वेळी निरोप घेणे, ही दोन्ही कामे अशा अनुभवावाचून कठीण जातात. शिवाय केवळ त्रास थांबावा एवढीच इच्छा पुरत नाही. त्यात आपला वाटा कोणता, हे पाहण्याची तयारी लागते. "हिला जरा समजवा" म्हणून सासरच्यांनी आणलेल्या सुनेच्या बाबतीत ही तयारी नक्की कोणाची, असा प्रश्न आम्हाला पडतो. येणाऱ्याची पदवी मात्र आम्ही पाहत नाही.

दुसऱ्या बैठकीत समुपदेशक आपल्या त्रासाचा एखादा अर्थ सुचवून पाहतात. तो पटलाच पाहिजे असे नाही, त्याचा रागही आला तरी चालेल. आपण त्यावर विचार करता का, एवढेच पाहायचे असते.

आत्महत्येचे विचार, व्यसन, भास किंवा उन्मादाची लक्षणे असल्यास मात्र प्रथम मानसोपचारतज्ज्ञांना भेटणे आवश्यक आहे. त्यासाठी कारेलीबाग येथे शासकीय मानसिक आरोग्य रुग्णालय आहे, आणि तातडीच्या वेळी टेली मानस या शासकीय मानसिक आरोग्य दूरध्वनी सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र विनामूल्य बोलता येते.