थेंबात काहीतरी दिसू लागले की मग: प्रथिन-स्फटिकांसाठीचे ॲडिटिव्ह कसे वापरावेत

ॲडिटिव्हचा, म्हणजे स्फटिक सुधारावेत म्हणून थेंबात घालायच्या पूरक रसायनांचा संच मागवण्याआधी एवढेच तपासा: प्रथिनाचे स्फटिक वाढवण्यासाठी लावलेल्या तुमच्या एखाद्या थेंबात काही दिसले आहे का? बारीक सुया, सुयांचे गुच्छ, एकमेकांना चिकटलेले पातळ पापुद्रे, काहीही चालेल. दिसले असेल तर हा संच तुमच्या कामाचा आहे. सगळे थेंब महिनाभर स्वच्छ राहिले असतील किंवा टाकल्या टाकल्या तपकिरी साका धरत असतील, तर आत्ता पैसे घालू नका. आधी प्रथिनाकडे पाहा. जेलवर एकच पट्टी येते का? शुद्धीकरणाच्या कॉलममधून एकच नीट शिखर निघते का? ४ अंशांवर आठवडाभर ठेवले तर गढूळ होते का? अशुद्ध प्रथिन कोणत्याही ॲडिटिव्हने ताळ्यावर येत नाही, हे आम्ही प्रत्येक ग्राहकाला विक्रीआधीच सांगतो.

ही रसायने नेमके काय करतात

सगळी एकाच पद्धतीने काम करत नाहीत. काही आयन दोन रेणूंच्या मध्ये बसून त्यांना धरून ठेवतात. इन्सुलिन हे त्याचे उत्तम उदाहरण. त्याचे स्फटिक १९२६ सालीच मिळाले होते, पण ते बनण्यात जस्ताचा हात आहे हे १९३४ मध्ये स्पष्ट झाले. इन्सुलिनचे सहा रेणू एकत्र येतात आणि त्यांच्या मधोमध जस्ताचे दोन आयन बसतात. प्रत्येक आयनाला तीन हिस्टिडीन (प्रथिनातले एक अमिनो आम्ल) धरून असतात. जस्त काढून घेतले की ही रचना सैल पडते. फेरिटिन या लोह साठवणाऱ्या प्रथिनाच्या बाबतीत हेच काम कॅडमियम करते.

ग्लिसरॉलचे काम उलट्या दिशेचे. पाक साखरावू नये म्हणून लिंबू पिळतात, तसे ग्लिसरॉल थेंबात स्फटिकाचे नवे बीज पडण्याला आवर घालते. शंभर बारीक सुयांऐवजी चार-पाच जाड स्फटिक मिळण्याची शक्यता त्याने वाढते. गुच्छ मिळत असतील तर आम्ही सुरुवात इथूनच करायला सांगतो.

डीटीटी आणि टीसेप ही क्षपणकारके प्रथिनातल्या सिस्टीनना (गंधक असलेल्या अमिनो आम्लांना) मोकळे ठेवतात, म्हणजे रेणू एकमेकांना वेडेवाकडे जोडले जात नाहीत. सौम्य डिटर्जंट चिकट पृष्ठभाग झाकतात. डीएनए किंवा आरएनएसोबतच्या प्रथिनांना स्पर्मिन, स्पर्मिडीन हे धनभारित रेणू उपयोगी पडतात. आणि तुमच्या एन्झाइमचा सब्स्ट्रेट (ज्यावर ते काम करते), इन्हिबिटर (त्याला रोखणारा रेणू) किंवा कोफॅक्टर (त्याला लागणारा मदतनीस घटक) माहीत असेल, तर आमच्या संचाआधी तोच घालून बघा. रेणू एका आकारात स्थिर करायला त्याच्यासारखे दुसरे काही नाही.

थेंब लावताना

आमची बहुतेक द्रावणे दहापट तीव्रतेची आहेत. २ मायक्रोलिटरच्या थेंबात १ मायक्रोलिटर प्रथिन, ०.८ रिझर्व्हायरचे (थेंबाशेजारच्या खळग्यातले) द्रावण आणि ०.२ ॲडिटिव्ह. शेजारीच ॲडिटिव्हऐवजी पाणी घातलेला थेंब लावा. तो नसेल तर फरक कशामुळे पडला हे कधीच कळणार नाही. इथेनॉल, आयसोप्रोपॅनॉलसारखी उडून जाणारी द्रव्ये रिझर्व्हायरमध्येही घाला, नाहीतर ती थेंबातून निघून जातात.

फॉस्फेट बफर वापरत असाल तर कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि जस्ताच्या कुप्या बाजूला ठेवा. फॉस्फेटसोबत त्यांचेच सुंदर, टोकदार स्फटिक येतात आणि ते प्रथिनाचे समजून चार दिवस आनंदात जातात. शंका आली तर मिथिलीन ब्लूचा बारीकसा थेंब सोडा. प्रथिनाच्या स्फटिकात साधारण २७ ते ६५ टक्के द्रावक असतो, त्यामुळे रंग आत शिरतो आणि स्फटिक निळा होतो. क्षाराचा स्फटिक कोराच राहतो. सुईने टोचले तर प्रथिनाचा सहज भुगा होतो, क्षाराचा कडक लागतो.

डीटीटी ताजेच घ्या. पीएच ८.५ ला २० अंशांवर ते दीड-दोन तासांत निम्मे संपते, ६.५ ला मात्र दीड दिवसाहून अधिक टिकते. थेंबांची प्लेट आठवडे राहणार असेल तर टीसेप बरे, पण फॉस्फेट बफरमध्ये तेही फार टिकत नाही.

कॅडमियम विषारी आहे. हातमोजे घाला, उरलेले द्रावण बेसिनमध्ये ओतू नका, वेगळ्या बाटलीत साठवून संस्थेच्या रासायनिक कचऱ्यात द्या.

मुंबईत काम करताना

शनिवार-रविवार एसी बंद होणाऱ्या खोलीत प्लेट ठेवू नका. तापमान वरखाली झाले की आलेले स्फटिकही विरघळतात. इन्क्युबेटर नसेल तर जाड थर्माकोलची पेटी बऱ्यापैकी सांभाळून घेते. पावसाळ्यात ४ अंशांची प्लेट बाहेर काढली की कव्हरस्लिपवर (थेंब झाकणाऱ्या पातळ काचेवर) लगेच दव धरते, म्हणून थंड खोलीतच सूक्ष्मदर्शक लावता आला तर पाहा. जून ते सप्टेंबर कॅल्शियम क्लोराइड, लिथियम क्लोराइड हे क्षार बाटली उघडताच ओलावा ओढतात आणि वजन चुकते. म्हणूनच आम्ही ही पूड विकत नाही, गाळून तयार केलेले द्रावणच देतो.

कालिना, माटुंगा, पवई, खारघरपर्यंतची मागणी आमच्या मुलुंडच्या गाळ्यातून बर्फात घालून निघते. शुक्रवारी दुपारनंतर डीटीटी आणि टीसेप पाठवत नाही, ते सोमवारीच निघते. संच मागवताना थेंबाचा फोटो, बफर, पीएच आणि प्रथिनाची तीव्रता कळवा. ९६ कुप्यांऐवजी दहा-बाराच पुरतील असे वाटले तर तेवढ्याच देऊ.